शेठ जमनालालजी बजाज : पेढीचे धनी की पेढीचे विश्वस्त?

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. हे चरित्र लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. वर्धा जिल्ह्यात राहून चरित्र लिहावयाचे आणि शेठ जमनालालजी बजाज यांना वगळावयाचे, हे माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास जमण्यासारखे नव्हते. त्यांचे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी आहे, तसबीर अनेकांच्या दिवाणखान्यात आहे. पण ज्यांच्या तसबिरीस आपण हार घालतो त्यांचे आचरण आपल्याला कितपत ठाऊक असते, हा प्रश्न मनास टोचतो. म्हणून या लेखात त्यांचे गुणगान गाण्यापेक्षा त्यांनी काय केले, हेच क्रमाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम ज्या भूमीत ही पेढी वाढली तिची थोडी माहिती देतो. वर्धा शहर फार प्राचीन नाही. पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी १८६६ साली या शहराची आखणी झाली. दुसऱ्याच वर्षी मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट वर्ध्यावरून नागपुरास पोहोचली. या मुलखाची काळी माती कापसाची. हिंगणघाटचा कापूस तर त्या काळी विलायतेच्या बाजारातही नावाजलेला होता. पुढे वरोऱ्यास दगडी कोळशाची खाण सुरू झाली आणि तो कोळसा वाहून आणण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत १८७७ साली लोहमार्ग झाला. वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली, परंतु तोपर्यंत या भागात वाफेच्या यंत्रांचे युग चांगलेच रुजले होते. सरकी काढणारे जीन, गाठी बांधणारे प्रेस, यांचे बॉयलर कोळशावर धडधडत आणि हंगामात त्यांची धुराडी रात्रंदिवस धूर ओकीत. शेतकरी बंड्या भरभरून कापूस बाजारात आणी. अडत्या त्याचा सौदा करी. जीनमध्ये रुई आणि सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जात आणि त्या आगगाडीने मुंबईस रवाना होत. कापूस, कोळसा आणि रेल्वे या तिहींच्या बळावर वर्धा हे व्यापाराचे ठाणे झाले. राजस्थानातून आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी येथेच पाय रोवले, सावकारी केली, पेढ्या उभारल्या. त्यांपैकीच एक म्हणजे शेठ बच्छराज बजाज.

बच्छराजजींची पेढी सावकारीची व कापसाची होती आणि पंचक्रोशीत तिचा मोठा दबदबा होता. घरात लक्ष्मी नांदत होती, परंतु वंशाचा दिवा नव्हता. त्यांनी रामधन नावाचा मुलगा दत्तक घेतला, पण तोही तरुणपणीच वारला आणि घरात विधवा सून राहिली. अशा स्थितीत बच्छराजजी व त्यांच्या पत्नी सदीबाई राजस्थानात गेले असता, सीकरजवळील काशी का बास या लहानशा गावी कनीरामजी व बिरदीबाई या साध्या दांपत्याचा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. तोच जमनालाल. त्याचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. मुलगा देण्यास आईबापांचे मन सहजी तयार होईना. अखेर ते राजी झाले. मोबदला म्हणून त्यांना द्रव्य देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते, म्हणून गावकऱ्यांसाठी एक विहीर बांधून द्यावी, एवढीच मागणी त्यांनी केली. ती विहीर झाली, आणि १८९४ च्या सुमारास चार-पाच वर्षांचा जमनालाल बच्छराजजींचा नातू म्हणून वर्ध्यास आला.

या विहिरीच्या गोष्टीवर वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्या मुलाच्या दत्तकविधानाच्या आरंभीच आईबापांनी स्वतःसाठी काही न मागता गावासाठी पाणी मागितले, त्या मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा तेथेच दिसते.

मुलाचे शिक्षण फार झाले नाही. १८९६ साली तो वर्ध्याच्या मराठी शाळेत दाखल झाला आणि १९०० साली चौथ्या इयत्तेच्या आसपास शाळा सुटली. इंग्रजीचे ज्ञान अगदीच बेताचे. परंतु पेढीवर बसून त्याने जे शिकले ते शाळेत मिळण्यासारखे नव्हते. रोकड कशी लिहावी, खतावणी कशी उतरावी, हुंडीची मुदत कशी पाळावी, माणसाची पत त्याच्या कपड्यांवरून नव्हे तर त्याच्या शब्दावरून कशी जोखावी, हे सर्व त्याने मुनिमांच्या शेजारी बसून आत्मसात केले. १९०२ साली जावरा येथील जानकीदेवींशी त्याचा विवाह झाला. तेव्हा वधूचे वय नऊ वर्षांचे आणि वराचे तेरा होते.

लहानपणापासूनच या मुलाच्या मनात सार्वजनिक कामाची ओढ होती. घरातून खर्चासाठी रोज एक रुपया मिळे. लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुराहून निघणार, असे कळताच त्याने साठवलेल्या पैशातून शंभर रुपये त्या कामास दिले. श्रीमंताघरच्या मुलाने शंभर रुपये देणे ही मोठी गोष्ट नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ते आजोबांच्या तिजोरीतून काढलेले नव्हते, स्वतःच्या इच्छांना मुरड घालून जमवलेले होते. दानाचे मोल रकमेवर नसते, ते कोठून आले यावर असते.

आता त्यांच्या आयुष्यातील एक मोठा प्रसंग सांगतो. साल १९०७. जमनालालजी सतरा वर्षांचे होते. एका लग्नसमारंभास जावयाचे होते आणि रूढीप्रमाणे अंगावर दागिने घालून जावे, असा आजोबांचा आग्रह होता. जमनालालजींनी दागिने घालण्यास नकार दिला. बच्छराजजी स्वभावाने तापट. रागाच्या भरात त्यांनी नातवास फार लागेल असे बोलून टाकले आणि तो या घरी पैशासाठी आला आहे, असे सुचवले. त्या तरुणाने उलट उत्तर केले नाही. त्याने एक पत्र लिहिले, त्यात बच्छराजजींच्या संपत्तीवरील आपला सर्व हक्क सोडल्याचे नमूद केले, आजोबांविषयी आदर व्यक्त केला आणि अंगावरच्या वस्त्रानिशी तो घराबाहेर पडला. आजोबांना पश्चात्ताप झाला. माणसे धावली, त्याचा शोध लागला आणि समजूत घालून त्यास परत आणले. त्याच साली बच्छराजजी निवर्तले आणि सारी इस्टेट जमनालालजींच्या हाती आली.

परंतु जे एकदा सोडले ते पुन्हा आपले कसे म्हणावयाचे? हा प्रश्न त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. कायद्याने ते वारस होते, मनाने मात्र ते त्या धनाचे राखणदार झाले. आजोबांकडून जेवढे आले तेवढे तरी व्याजासह समाजकार्यास लागले पाहिजे, असा त्यांनी मनाशी हिशेब मांडला आणि आयुष्याच्या अखेरीस त्याहून कितीतरी अधिक देऊन टाकले. आपण व्यापारी माणसे, हिशेब आपल्या रक्तात असतो. पण आपल्याच विरुद्ध असा हिशेब मांडणारा व्यापारी दुर्मीळ.

त्यांनी व्यापार सोडला नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. कित्येकांची समजूत अशी की देशभक्ती करावयाची तर पेढीस टाळे ठोकावे लागते. जमनालालजींनी पेढी वाढवली. मुंबईसही कारभार पसरला. पुढे १९२६ पासून बजाज उद्योगांची रीतसर उभारणी झाली. संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे १९३१ साली साखर कारखाना उभा राहिला आणि १९३९ च्या सुमारास मुकंद लोखंड-पोलाद कारखान्यात त्यांनी भागीदारीने लक्ष घातले. आजोबांचे नाव त्यांनी पुसले नाही. बच्छराज हे नाव घराण्याच्या कंपन्यांवर कायम राहिले. ज्या आजोबांनी रागाने बोलून घराबाहेर पडण्याची पाळी आणली त्यांच्याच नावाने नातवाने व्यापार केला, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

समाजाच्या शिक्षणाकडे त्यांचे लक्ष फार लवकर वळले. स्वतःस जे मिळाले नाही ते इतरांच्या मुलांस मिळावे, ही त्यांची तळमळ होती. १९१० साली वर्ध्यास मारवाडी विद्यार्थिगृह सुरू झाले, पाठोपाठ १९१२ साली शाळा निघाली आणि १९१४ साली शिक्षा मंडळाची स्थापना झाली. या संस्थेने पुढे शाळा व महाविद्यालये चालवली. वर्ध्याचे वाणिज्य महाविद्यालय १९४० साली निघाले ते याच संस्थेचे. प्रथम जातीपुरते वसतिगृह, मग सर्वांसाठी शिक्षणसंस्था, असा हा प्रवास आहे. आपल्या समाजाच्या महासभेतही त्यांनी पुढाकार घेतला आणि बालविवाह, पडदा, लग्नातील उधळपट्टी यांविरुद्ध आवाज उठवला.

सरकारदरबारीही त्यांचा मान होता. ते ऑनररी मॅजिस्ट्रेट होते, रायबहादुर ही पदवी त्यांना मिळाली होती. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या महात्मा गांधींशी १९१५ नंतर त्यांचा परिचय झाला. आपल्याला हवा तो गुरू बोलतो तसा वागतो की नाही, हे ते पारखून पाहात होते. सोने कसास लावल्याशिवाय न घेणे हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे. कसोटी पूर्ण झाल्यावर मात्र त्यांनी स्वतःस पूर्णपणे अर्पण केले. १९२० साली नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली. आपणास त्यांचा पाचवा पुत्र मानावे, अशी ती मागणी होती. बालपणी जो दुसऱ्यांच्या इच्छेने दत्तक गेला, तो प्रौढपणी स्वतःच्या इच्छेने दत्तक गेला. फरक एवढाच की पहिल्या दत्तकविधानाने इस्टेट मिळाली, दुसऱ्याने ती देण्याची बुद्धी.

त्यानंतर रायबहादुर पदवी परत गेली. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या मदतीसाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. काँग्रेसचे खजिनदार म्हणून त्यांची निवड झाली आणि ते काम त्यांनी अखेरपर्यंत पाहिले. सार्वजनिक पैशाची पै न पै चोख ठेवणे हा त्यांचा कटाक्ष असे. वर्ध्यास सत्याग्रहाश्रम निघाला आणि त्यासाठी विनोबाजी एप्रिल १९२१ मध्ये येथे आले. घरातील विलायती कपड्यांची होळी झाली. जानकीदेवींनी सोन्याचे दागिने उतरवले आणि पडदा सोडला. आपल्या घराण्यांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना त्या काळी हे करणे किती कठीण होते, हे जुन्या पिढीकडून ऐकलेल्यांना सांगावयास नको.

१९२३ साली नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला. त्याचे नेतृत्व जमनालालजींनी केले आणि त्यांना कारावास व दंड झाला. दंड भरला नाही म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावास काढली, तर नागपुरात बोली बोलणारा एकही माणूस पुढे आला नाही. बाजारात पत असणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. १९३० साली विलेपार्ले येथील मिठाच्या सत्याग्रहाच्या छावणीचे नेतृत्व करताना ते पुन्हा तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली व सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. त्या श्रोत्यांत वर्ध्याचा हा कोट्यधीश कैदीही होता.

आता ज्या घटनेसाठी मी हा लेख विशेषत्वाने लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराजजींनी बांधलेले, म्हणजे घराण्याचेच देवस्थान. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले. हे काम एका दिवसात झाले नाही. मंदिराच्या विश्वस्तांची मने वळवण्यास त्यांना पुष्कळ काळ खर्चावा लागला. स्वतःच्या आजोबांचे मंदिर असूनही त्यांनी जबरदस्तीने कुलूप काढले नाही. सर्वांची संमती मिळवून दरवाजे उघडले. देशातील मोठ्या मंदिरांपैकी अशा रीतीने उघडलेले ते पहिल्या काहींतले एक. विहिरीही त्यांनी सर्वांस मोकळ्या केल्या.

आणि त्या वेळी आपला समाज काय करीत होता? सत्य सांगावयाचे तर आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांना विरोध केला. जातीतून निंदा झाली, बहिष्काराची भाषा झाली, जेवणावळींतून त्यांच्या घराण्याला टाळण्याचे प्रकार झाले. ज्यांच्या नावाचा आज आपण अभिमानाने उच्चार करतो त्यांनाच आपल्या पूर्वजांनी दूर लोटू पाहिले. हे समाजाच्या स्मरणिकेत लिहू नये, असे काहींना वाटेल. मला वाटते, येथेच लिहिले पाहिजे. परक्याने लिहिले तर ती निंदा होते, घरच्याने लिहिले तर तो पश्चात्ताप होतो. जमनालालजींनी मात्र समाजावर राग धरला नाही आणि समाज सोडूनही गेले नाहीत. जातीत राहून जातीस जागे करणे हे जात सोडण्याहून कठीण काम त्यांनी पत्करले.

घरातही त्यांनी तेच केले. थोरली कन्या कमला हिचा विवाह १९२६ साली साबरमतीच्या आश्रमात अत्यंत साधेपणाने झाला. वरात नाही, आतषबाजी नाही, दागिन्यांचे प्रदर्शन नाही. ज्यांच्या दारात हत्ती झुलवता आले असते त्यांनी मुलीचे लग्न खादीच्या वस्त्रांत केले. सतराव्या वर्षी दागिने नाकारणाऱ्या तरुणाने बाप झाल्यावरही तो निश्चय सोडला नाही, असा याचा अर्थ आहे.

गांधीजींनी साबरमती सोडल्यानंतर त्यांचे वास्तव्य वर्ध्यास व्हावे, ही जमनालालजींची जुनी इच्छा होती. ती १९३४ साली फळास आली. आपली बाग त्यांनी ग्रामोद्योगाच्या कार्यास दिली आणि ती मगनवाडी म्हणून प्रसिद्ध झाली. एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधीजी जवळच्या शेगावी राहावयास गेले. त्या गावातील बरीच जमीन जमनालालजींच्या मालकीची होती. तेच गाव पुढे सेवाग्राम झाले. बजाजवाडीत देशभरचे नेते उतरत, कार्यकारिणीच्या बैठका भरत आणि त्या सर्वांच्या पाहुणचाराचा भार हे घराणे न कुरकुरता उचलीत असे. ज्या वर्ध्यास कापसाच्या गाठींमुळे ओळख मिळाली होती, ते या एका व्यापाऱ्यामुळे देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले.

जन्मभूमीसही ते विसरले नाहीत. जयपूर संस्थानातील प्रजामंडळाचे नेतृत्व त्यांनी केले. संस्थानात येण्यास बंदी असतानाही १९३९ साली ते गेले आणि अटकेत पडले. पुढे वैयक्तिक सत्याग्रहातही तुरुंगवास भोगून ते १९४१ साली बाहेर आले. शरीर थकले होते. मनास शांती मिळेल असे कार्य त्यांना हवे होते आणि ते गोसेवेत सापडले. त्याच वर्षी गोसेवा संघ स्थापन झाला. नालवाडीजवळ गोपुरी येथे त्यांनी साधी कुटी बांधली आणि तेथे ते राहू लागले. हवेलीचा धनी कुडाच्या कुटीत राहू लागला आणि स्वतः गाईंची सेवा करू लागला. हे सुख त्यांना फार दिवस लाभले नाही. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वर्ध्यास त्यांचा अंत झाला. वय अवघे बावन्न. सेवाग्रामहून गांधीजी तातडीने आले. गोपुरीच्या भूमीवर अंत्यसंस्कार झाले. त्यांनी हाती घेतलेली कामे एवढी होती की ती वाटून घेण्यासाठी त्यांच्या मित्रांची सभा वर्ध्यास भरवावी लागली.

जानकीदेवींनी आपले धन व उरलेले आयुष्य गोसेवेस वाहिले. पुढे विनोबाजींच्या भूदान व कूपदान कार्यातही त्यांनी भाग घेतला. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९७९ साली त्या निवर्तल्या. काशी का बासच्या विहिरीपासून सुरू झालेली कथा सुनेच्या कूपदानापर्यंत आली, हा योगायोग मनास मोठा गोड वाटतो. पुत्र कमलनयनजींनी व रामकृष्णजींनी उद्योग सांभाळले. १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने निघालेली कंपनी पुढे बजाज ऑटो म्हणून घराघरांत पोहोचली. जमनालालजींच्या नावाची संस्था १९७८ पासून रचनात्मक कार्यकर्त्यांस पुरस्कार देत आली आहे.

समाजबंधू-भगिनींनो, चरित्र येथे संपले. परंतु ते वाचून आपण काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. आपल्यापैकी बहुतेकांची घरे व्यापाराची आहेत. कोणाची कापसाची अडत होती, कोणाची कोळशाची वखार, कोणाचे किराण्याचे दुकान. जीनची जुनी धुराडी आता थंड आहेत, वखारींच्या जागी इमारती उभ्या आहेत, धंदे बदलले. धंदा बदलतो, तसे पेढीचे नावही कधी बदलते. वंशपरंपरेने पुढे चालवण्याजोगी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पत.

आपल्या लग्नसमारंभांतील थाट वर्षानुवर्षे वाढत आहे. कर्ज काढून मेजवान्या होतात आणि ज्याची ऐपत नाही तो बापही लोकलज्जेने त्याच मार्गाने जातो. सभागृहाच्या भिंतीवर जमनालालजींची तसबीर आणि खाली हा थाट, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. त्या तसबिरीस हार घालावयाचा असेल तर पुढील वर्षी आपल्या संघाने एक तरी लग्न साबरमतीच्या त्या लग्नासारखे करून दाखवावे, आणि वाचलेला पैसा समाजातील, तसेच समाजाबाहेरीलही, एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणास द्यावा. सतरा वर्षांच्या मुलास जे धैर्य झाले ते आपणा जाणत्यांस होऊ नये काय?

या पुण्यपुरुषाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा लेख पुरा करतो.